अंतर कशानें मोजावें ?

काळ, काम आणि वेग यांचीं गणितें शिकवितांना आम्ही शिक्षक दोन गांवांमधील अंतर देतों, गाडीचा वेग सांगतों, आणि प्रवासास किती वेळ लागेल तें विचारतों. भागाकार केला कीं उत्तर तयार. गणित म्हणून हें ठीकच आहे. परंतु इतिहासाचीं पानें चाळूं लागलों म्हणजे असें दिसून येतें कीं, प्रवासाचा खरा काळ या भागाकारानें क्वचितच निघतो. अंतर तेंच राहतें, वाहनाचा वेग अनेक पटींनीं वाढतो, आणि तरीहि माणूस आपल्या आजोबांहून उशिरां पोहोंचतो, असेंहि घडून आलेलें आहे. विमानाच्या प्रवासांत ही गोष्ट विशेष ठळकपणें नजरेस येते. म्हणून आज आपल्या खानदेशापासून आरंभ करून कराची आणि मुंबई या दोन विमानतळांमधील अंतराची व वेळेची हकीकत आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

जळगांवच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचें सरळ हवाई अंतर सुमारें ३५५ किलोमीटर, म्हणजे जुन्या मापानें २२० मैल आहे. सुरतेपासून बऱ्हाणपुरापर्यंतचें सरळ अंतरहि जवळजवळ तितकेंच भरतें. या दुसऱ्या वाटेनें, आपल्या खानदेशाच्या मध्यांतून, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा १६१५ सालीं गेला. त्याला बादशहा जहांगीर याची भेट घ्यावयाची होती. बादशहा अजमेरीस होता आणि शहाजादा पर्वीझ याचा मुक्काम बऱ्हाणपुरास होता. नंदुरबार, थाळनेर, चोपडें अशा मुक्कामांवरून तापीच्या खोऱ्यांतून रो साहेब निघाले, आणि सुमारें पंधरा दिवसांनीं, नोव्हेंबरच्या मध्यास, बऱ्हाणपुरास पोहोंचले. सरळ रेषेनें हिशेब केला तर रोजचे पंधरा मैलसुद्धां पडत नाहींत. बैल व घोडे एवढेंच चालूं शकतात असें मात्र नव्हे. त्या काळच्या काफिल्यास रोज तळ द्यावा लागे, दाणावैरण मिळवावी लागे, रात्रीं पहारे ठेवावे लागत, नदीचा उतार शोधावा लागे. प्रवासाचा मोठा भाग चालण्यांत न जातां थांबण्यांत जाई.

यानंतर अडीचशें वर्षांनीं आगगाडी आली. १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली हें आपणांस ठाऊकच आहे. परंतु खानदेशास तिचा उपयोग होण्यास मधला थळघाट, म्हणजे कसाऱ्याचा घाट, ओलांडणें भाग होतें. सदतीस फुटांस एक फूट अशा चढणीचा हा लोहमार्ग १८६५ सालच्या आरंभीं खुला झाला, आणि भुसावळ हें मोठें जंक्शन बनलें. १८७० सालच्या मार्च महिन्यांत मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतचा मार्ग अखंड जोडला गेला. त्याच सुमारास जूल व्हर्न या फ्रेंच लेखकानें ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या इंग्रज गृहस्थाची कादंबरी लिहिली. तिचा नायक आगगाडींत बसून आपला खानदेश ओलांडतो. त्याच्या वेळापत्रकांत लंडन ते सुवेझ सात दिवस, सुवेझ ते मुंबई तेरा दिवस आणि मुंबई ते कलकत्ता तीन दिवस असे आंकडे आहेत. म्हणजे लंडन आणि मुंबई यांच्यांत वीस दिवसांचें अंतर होतें. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला म्हणून हें शक्य झालें. कादंबरींत मात्र पुढें लोहमार्ग मध्येंच संपतो, आणि नायकाला हत्तीवर बसून वाट काढावी लागते. प्रत्यक्षांत तो मार्ग त्या वेळेपर्यंत पुरा झाला होता. पण कादंबरीकारानें नेमकें मर्म ओळखलें होतें. शेंकडों मैलांचा वेगवान मार्ग मध्यें पन्नास मैल तुटला, तर वेळापत्रकाची किंमत कागदाएवढीच उरते.

धुळ्याच्या लोकांनीं हें मर्म कादंबरी न वाचतांच जाणलें होतें. मुंबईहून आग्र्यास जाणारा मोठा रस्ता धुळ्यावरून जात असे. परंतु लोहमार्ग चाळीसगांवावरून गेला. चाळीसगांव ते धुळें ही शाखा १९०० सालीं सुरू झाली. तोंपर्यंत, म्हणजे एका पिढीहून अधिक काळ, धुळ्याचा मनुष्य आगगाडी गांठण्यासाठीं पस्तीस मैल बैलगाडीनें किंवा टांग्यानें जात होता. मुंबईचें अंतर चाळीसगांवकराच्या दृष्टीनें कमी झालें होतें. धुळेंकराच्या दृष्टीनें तें अर्धवटच कमी झालें होतें. नकाशावर मात्र दोन्ही गांवें जेथल्या तेथेंच होतीं.

आतां विमानाकडे वळूं. विमानाला डोंगर आडवा येत नाहीं, नदीचा उतार शोधावा लागत नाहीं. म्हणून त्याचें अंतर सरळ रेषेनें मोजतात. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळें ही सरळ रेषा सपाट नकाशावरील रेषेसारखी नसते. घरांतील पृथ्वीचा गोल घ्या, आणि मुंबईवर व लंडनवर बोट ठेवून मध्यें एक दोरा ताणून धरा. दोरा ज्या वाटेनें जाईल ती सर्वांत जवळची वाट. सपाट नकाशावर ती उत्तरेकडे वांकलेली दिसते. या वाटेनें मुंबई ते लंडन हें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें. आणि लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, मुंबई सोडल्यावर जवळजवळ याच दोऱ्याखालीं पहिलें मोठें शहर लागतें तें कराची होय. युरोपांतून येणाऱ्या विमानांचें हिंदुस्थानांतील पहिलें ठाणें कराचीस झालें, याचें कारण ही भूमिति होती.

३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनें लंडन ते कराची अशी टपालसेवा सुरू केली. कांहीं टप्पा विमानानें, मधला टप्पा आगगाडीनें, भूमध्य समुद्रावर पाण्यावर उतरणाऱ्या विमानानें, अशी मजल दरमजल करीत सात दिवसांत टपाल कराचीस येई. पण कराचीस आलेलें पत्र मुंबईच्या पेढींत पोहोंचावयाचें तर तेथून पुढें पुन्हां आगगाडीच. वाळवंट आणि गुजरात ओलांडून जाण्यांत विमानानें वांचविलेला वेळ बराचसा खर्ची पडे. ही तुटलेली कडी जोडण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकानें पुढें आणिली, आणि ती जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांनीं उचलून धरिली. १९२९ सालच्या फेब्रुवारींत हिंदुस्थानांत मिळालेला वैमानिकाचा पहिला परवाना याच टाटांचा होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एक इंजिन असलेलें पस मॉथ जातीचें लहानसें विमान निघालें. चालविणारे टाटा त्या वेळीं २८ वर्षांचे होते. बरोबर ५५ पौंड टपाल होतें. जमिनीवरून वाट दाखविणारी कसलीहि बिनतारी सोय नव्हती. खालचा किनारा, नद्या आणि लोहमार्ग पाहून दिशा ठरवावयाची. अहमदाबादेस विमान उतरलें, तेव्हां त्यासाठीं पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आणण्यांत आले. दुपारीं दोनच्या आंत तें मुंबईस जुहूच्या मैदानावर येऊन पोहोंचलें. तेथून व्हिन्सेंट यांनीं दुसऱ्या विमानानें टपाल पुढें बेल्लारीस व मद्रासेस नेलें.

आतां गणित करून पाहूं. कराचीपासून मुंबईपर्यंत सरळ अंतर सुमारें ८७५ किलोमीटर, म्हणजे ५४५ मैल. परंतु लहान विमानाच्या टांकींत मावेल तेवढ्या पेट्रोलावर समुद्रावरून सरळ येणें धोक्याचें होतें; म्हणून अहमदाबादेवरून यावें लागे, आणि वाट सुमारें १,०४० किलोमीटर, म्हणजे ६४५ मैल होई. सरळ वाटेपेक्षां शंभर मैल अधिक. सुमारें सात तासांच्या प्रवासांत अहमदाबादचा थांबाहि आला. जे सात तास लागले, त्यांतला काहीं वेळ वळणाचा होता आणि काहीं थांब्याचा. तरीहि आगगाडीशीं तुलना करतां हा चमत्कारच होता.

परंतु माझ्या मतें या सेवेचें खरें यश त्या पहिल्या दिवशीं नव्हतेंच. एक दिवस धाडस करून उडणारे वैमानिक त्या काळीं अनेक होते. खरें यश पुढल्या वर्षभरांत दिसलें. जुहूचें मैदान समुद्रालगत असल्यामुळें पावसाळ्यांत भरतीचें पाणी तेथें शिरे. तेव्हां सेवा बंद न ठेवतां चालकांनीं विमानें पुण्यास नेलीं आणि तेथील मैदानावरून टपाल चालू ठेविलें. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षांत या विमानांनीं १,६०,००० मैल उड्डाण केलें, दहा टनांहून अधिक टपाल नेलें, आणि १५५ प्रवासीहि नेले. वर्षभर, मोसमी पावसाच्या अवघड महिन्यांतसुद्धां, टपाल ठरल्या वेळीं पोहोंचत राहिलें. आणि सरकारच्या विमानखात्यानें आपल्या अहवालांत या नियमितपणाचा मुद्दाम गौरव केला. मुंबईच्या व्यापाऱ्यानें आपलें पत्र विमानानें पाठवावयाचें ठरविलें, तें विमान ताशीं शंभर मैल जातें म्हणून नव्हे. पत्र अमुक वारीं पोहोंचेल अशी त्याची खात्री पटली होती.

पुढील इतिहास आपल्यांपैकीं पुष्कळांस परिचित आहे. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें, आणि १० जूनच्या सकाळीं तेथें उतरलें. व्हर्नच्या काळचे वीस दिवस दोन रात्रींच्या आंत आले. १९६० सालीं झोतयंत्राचीं, म्हणजे जेट, विमानें आलीं आणि वेळ आणखी घटला. मधले थांबे गेल्यावर मुंबई ते लंडन हा प्रवास नऊ-दहा तासांवर आला. उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून लंडनला जातांना जेवढा वेळ लागतो, त्याहून येतांना थोडा कमी लागतो. जातांनाचें व येतांनाचें अंतर एकच, आणि वेळ मात्र दोन, असें हें उदाहरण शाळेंतील मुलांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

एवढें सांगून झाल्यावर आपल्या दाराशीं येणें प्राप्त आहे. जळगांवच्या विमानतळाच्या नव्या स्वरूपाचें उद्घाटन २०१२ सालच्या मार्चमध्यें, त्या वेळच्या राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें झालें. प्रतिभाताई याच जिल्ह्यांतल्या. तेव्हां त्या दिवशीं गांवाला किती अभिमान वाटला हें सांगावयास नको. त्यानंतर प्रवासी विमानाची नियमित सेवा सुरू होण्यास २०१७ सालचा डिसेंबर उजाडला. अठरा-वीस आसनांचें तें लहान विमान मुंबईस जाऊं लागलें. परंतु ती सेवा थोड्याच काळांत खंडित झाली. २०१९ च्या सप्टेंबरांत मोठीं विमानें मुंबई व अहमदाबाद येथें जाऊं लागलीं. पुढें तीं चालविणाऱ्या कंपनीचाच कारभार २०२२ सालीं थांबला. २०२४ सालीं गोवा, हैदराबाद, पुणें आणि मुंबई या दिशांनीं पुन्हां उड्डाणें सुरू झालीं. धुळ्याजवळ गोंदूर येथेंहि धावपट्टी आहे. पण तिची ओळख वैमानिकांच्या शिक्षणासाठीं आहे.

आतां धुळ्याच्या एखाद्या गृहस्थाचा हिशेब मांडून पहा. मुंबईस जाण्यासाठीं त्यानें विमान धरावयाचें ठरविलें, तर त्याला आधीं पूर्वेस जळगांवला जावें लागेल. तो रस्ता सुमारें ९५ किलोमीटरांचा, म्हणजे दोन तासांचा. उड्डाणापूर्वीं तासभर अगोदर पोहोंचावयाचें. उड्डाण सुमारें एक तासाचें. मुंबईस उतरून सामान घेऊन शहरांत इष्ट स्थळीं पोहोंचण्यास तास-दीड तास. एकूण पांच-साडेपांच तास झाले. तोच गृहस्थ घरून सरळ रस्त्यानें निघाला असता तर सव्वातीनशें किलोमीटरांस सहा-सात तास लागले असते. म्हणजे सगळी बचत तास-दीड तासाची. आणि ज्या दिवशीं उड्डाण रद्द होईल, त्या दिवशीं ही बचत तर जाईलच, वर सबंध दिवसहि जाईल. म्हणून पुष्कळ शहाणीं माणसें विमानाचा तास सोडून आगगाडीचे सहा ते आठ तास पत्करतात. त्यांना कोणी मागासलेलीं म्हणूं नये. त्यांचें गणित बरोबर आहे; त्यांनीं वेगाबरोबर खात्रीचीहि किंमत धरलेली आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा असता तर त्यावर एवढा वेळ मीं घेतला नसता. आज जळगांव-धुळ्याच्या पुष्कळ सुशिक्षित घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशीं आहे. घरीं वडील माणूस अत्यवस्थ झालें आणि निरोप गेला, तर लंडनहून मुंबईचे ७,२०० किलोमीटर ती मुलें नऊ-दहा तासांत येतात. मग मुंबईहून जळगांवचे ४२० किलोमीटर, गाडीची वाट पाहण्याचा वेळ धरला, तर बहुधा तितकेच तास घेतात. पृथ्वीचा सहावा हिस्सा ओलांडून आलेला मुलगा शेवटच्या घाटापाशीं अडतो. घरांतील माणसें घड्याळाकडे पाहत बसतात, त्यांच्या दृष्टीनें लंडन दूर नसतें. मुंबईच दूर असते. लहान गांवाच्या विमानतळाची खरी गरज अशा वेळीं कळते, आणि ती सेवा आठवड्यांतील कांहीं दिवस चालून मधूनच बंद पडणारी असेल, तर अशा वेळीं तिचा उपयोग होत नाहीं, हेंहि तेव्हांच कळतें.

शेवटीं पुन्हां कराचीकडे वळतों. टाटांनीं १९३२ च्या उड्डाणाची आठवण म्हणून तोच मार्ग जुन्या धर्तीच्या लहान विमानानें पुन्हां आक्रमिला. एकदां १९६२ सालीं, आणि पुन्हां १९८२ सालच्या १५ ऑक्टोबरला. या दुसऱ्या खेपेस ते ७८ वर्षांचे होते. मध्यंतरीं देशाची फाळणी झाली होती, युद्धें झालीं होतीं, तरी त्या दिवशीं ती वाट उघडी होती. दोन्ही शहरांमध्यें थेट प्रवासी विमानें अनेक वर्षें जात-येत असत; ती वाट सुमारें दीड तासाची. १९७१ च्या युद्धानंतर कांहीं वर्षें आणि २००२ व २००३ या सालीं दोन्ही देशांमधील विमानसेवा बंद राहिली. पुढें २०१९ सालीं त्यांच्यामधील उरलीसुरली थेट सेवाहि थांबली. त्याच वर्षीं कांहीं महिने, आणि २०२५ सालीं पुन्हां, आकाशमार्गहि बंद झाले; तेव्हां युरोपास जाणाऱ्या भारतीय विमानांना मघांच्या त्या ताणलेल्या दोऱ्याची वाट सोडून समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

थेट विमान नसतां कराचीच्या मनुष्यानें मुंबईस यावयाचें म्हटलें, तर तो आधीं पश्चिमेस दुबईला जाईल, आणि तेथून परत पूर्वेस मुंबईला येईल. कराची ते दुबई सुमारें १,१९० किलोमीटर, दुबई ते मुंबई सुमारें १,९३०. मिळून ३,१०० किलोमीटरांवर वाट झाली. सरळ अंतराच्या साडेतीनपट. उड्डाणाचे पांच तास आणि दुबईच्या विमानतळावर पुढील विमानाची वाट पाहण्याचे तास मिळविले, तर बेरीज १९३२ सालच्या सात तासांच्या पुढें जाते. बैलगाडींतून आलेल्या पेट्रोलावर, ताशीं शंभर मैल जाणाऱ्या लाकूडकापडाच्या व लोखंडी नळ्यांच्या विमानानें जें साधलें, तें ताशीं पांचशें मैल जाणाऱ्या विमानाला साधत नाहीं. विमानें सुधारलीं, शहरें हललीं नाहींत. मधली वाट तेवढी मोडली.

श्रोतेहो, विमानतळाच्या फलकावर जें अंतर लिहिलेलें असतें तें भूमितीचें अंतर असतें, आणि तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती यंत्राची वेळ असते. माणसाचें अंतर या दोहोंहून निराळें आहे. ती वाट उघडी आहे काय, ती घरापासून घरापर्यंत अखंड आहे काय, आणि आज आहे तशी ती पुढल्या आठवड्यांतहि राहील काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तें ठरतें. आपल्या गांवीं नवी धावपट्टी झाली किंवा नवें विमान आलें म्हणजे आपण हार-तुरे घेऊन जातों. तसें अवश्य जावें. मात्र त्यानंतर वर्षानें पुन्हां एकदां चौकशी करावी, आणि त्या बारा महिन्यांत किती उड्डाणें ठरल्या दिवशीं झालीं तो आंकडा मागावा. १९३३ सालच्या वैमानिकांनीं तो आंकडा अभिमानानें पुढें ठेविला होता. आपल्या जिल्ह्यांतील मुलांना घरापासून जग किती दूर आहे, तें त्या एका आंकड्यावरून समजेल.